गुराबीची शिडं

१२ ऑक्टोबर १९८६

वारा मंद, वायव्येचा. समुद्र शांत.

बंदर खात्याच्या लाँचवर सारंग होतो तेव्हा रोज हे लिहायचो. निवृत्त होऊन चार महिने झाले, लाँच आता दुसरा सारंग चालवतो, आणि मी ओसरीवर बसून वारा टिपतो. त्याचा कुणालाच उपयोग नाही.

आज एक मूर्खपणा केला. रत्नागिरीत मांडवीच्या वाचनालयात पुण्याच्या पाहुण्यांचं मराठ्यांच्या आरमारावर व्याख्यान होतं. बोलले छान. शेवटी म्हणाले, "गुराब हे त्या आरमाराचं मुख्य लढाऊ जहाज. पण आज कोकणातसुद्धा ती कुणी डोळ्यांसमोर उभी करू शकत नाही, याचं वाईट वाटतं." यात रागवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मी करून दाखवतो. लाकडाची. महाराष्ट्र दिनाला याच टेबलावर आणून ठेवतो."

टाळ्या पडल्या. वाचनालय चालवणाऱ्या भागोजी मास्तरांनी आभाराच्या भाषणातच ते जाहीर करून टाकलं.

मी आयुष्यात साधा पाट केलेला नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी धाकू आला. धाकू माझ्या हाताखाली खलाशी होता, मी घरी बसलो तरी मला सारंगच म्हणतो. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"सारंग, गुराब म्हणजे नक्की कशी?"

"तीन डोलकाठ्या. पुढं लांब निमुळती नाळ, पाण्यावर झुकलेली. नाळेच्या मागं दोन तोफा, समोर तोंड करून. बाजूंना आणखी."

"तुमी बघितलाव?"

"मी कशी बघणार? दोनशे वर्षं झाली तिला."

"मग पुण्यावाला खरंच बोलला की," धाकू म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

५ नोव्हेंबर

दिवाळी संपली. मास्तरांनी वाचनालयातल्या एका जाड पुस्तकातलं जुनं चित्र दाखवलं. त्यात गुराब एवढीशी आहे आणि धूर मोठा आहे, पण नाळ स्पष्ट दिसते. मी ते पातळ कागदावर उतरवून घेतलं. फणसाचा एक ओंडका मिळाला, तो गेले पंधरा दिवस पटाशीने कोरतोय. दोन्ही हात सोलवटले आहेत. पण काम झोकात चाललंय असं वाटतं. एका बाजूने बघितलं तर.

वेळणेश्वराहून तुळसाचं पत्र आलं. एकुलती मुलगी, तिकडे दिली आहे. तिची आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर पत्रात विचारते, बाबा, वेळेवर जेवता ना. मी दर पत्रात लिहितो, जेवतो. खाली वारा लिहितो. तिचा नवरा होडी घेऊन जातो, त्यांना वाऱ्याची काळजी असणार.

२० नोव्हेंबर

शिडांचं काय करायचं हा प्रश्न होता. धाकू म्हणाला, "माझी भैन हाय की. आमचा बापूस शिडं शिवायचा, तिनं त्याच्याकडनंच हात शिकून घेतला."

म्हणून आज पेठकिल्ल्यात त्याच्या घरी गेलो. गुणवंतीबाई पडवीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होत्या. नवरा फार लवकर गेला, तेव्हापासून भावाकडे असतात. होड्यांना इंजिनं लागल्यावर शिडं कोण शिवून घेणार. आता परकर, गणवेश, जे येईल ते शिवतात. मी काम सांगितलं. त्यांचे पाय मशीनवर चालूच होते.

"केवढ्या वाऱ्याची पायजेत?"

"वाऱ्याची नकोत. गुराब वाचनालयात राहायची. काचेच्या पेटीत."

मशीन थांबलं.

"मग शिडं कशाला? कागद चिकटवा."

 पायरी उतरलो तर मागून आवाज आला, "जहाज बघितल्याबिगर मी कापड कापत नाय. रविवारी येते."

बाई तोंडाने फटकळ आहेत.

२३ नोव्हेंबर

आल्या. अंगणात ओंडका उपडा ठेवला होता तो मी उताणा करून दाखवला. त्या सगळीकडून फिरल्या. पदर तोंडाशी धरला.

"हसा," मी म्हटलं.

मग त्या अशा हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावून गेल्या.

"सारंग, रागवू नका. पण तां जहाज नाय. पीठ मळायची काठवट हाय."

"नाळ लावली की दिसेल जहाजासारखी."

"काठवटीला नाळ लावली तर नाळ लावलेली काठवट दिसंल."

त्या गेल्यावर विहिरीजवळच्या हौदात सोडून बघितली. सोडल्याबरोबर उलटली आणि पोट वर करून स्वस्थ पडली. संध्याकाळी बंबात जाऊन तिने आंघोळीचं पाणी तापवलं.

राग यायला हवा होता, पण आला नाही. का ते कळत नाही. या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसून फार दिवस झाले, एवढं मात्र खरं.

७ डिसेंबर

पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. हवा गार.

नव्याने सुरुवात. मिऱ्याच्या किनाऱ्यावर मासेमारीचा एक मचवा बांधायला घेतलाय, तो जाऊन बघत बसतो. कोरायचं नसतं. आधी तळाचा लांब कणा, त्याला पठाण म्हणतात. त्यावर फासळ्या उभ्या करायच्या आणि मग बाहेरून फळ्या चढवायच्या. आयुष्यभर बोटीच्या आत उभा राहिलो, ती कशावर उभी असते ते कधी वाकून बघितलं नाही. एक जुनं सागवानी दार फोडून चार फुटी पठाण केलं. सरळ झालंय.

गुणवंतीबाई आल्या होत्या, डोलकाठ्यांची उंची मोजायला. मी म्हटलं, अजून डोलकाठ्या नाहीतच. म्हणाल्या, तरी अंदाज घेते. दुपारभर अंदाज घेतला. फासळ्यांना सरस लावल्यावर दाबून धरायला मला दोन हात कमी पडत होते, ते त्यांनी दिले.

२१ डिसेंबर

गुणवंतीबाई पुन्हा मोजायला. येताना घावन आणि नारळाचा रस घेऊन आल्या. वहिनीने जास्त केले म्हणाल्या.

त्या सुताच्या दोरीने मोजतात आणि दोरीला गाठ मारतात. पुढल्या खेपेला ती दोरी घरी विसरतात. मग नव्या दोरीने पुन्हा मोजावं लागतं. एवढी हुशार बाई, पण दोरीच्या बाबतीत विसराळू. मी दोरी इथेच ठेवून जा असं सुचवलं, तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. लोकांना सल्ला दिलेला आवडत नाही.

४ जानेवारी १९८७

लाकडाचा भुसा दाढीच्या खुंटात अडकतो म्हणून हल्ली रोज दाढी करतो. सदरेही दोन नवे शिवले. जुने सरसाने खराब झाले होते.

फळ्या चढवायला लागलो. गरम पाण्यात भिजवली की सागाची पातळ पट्टी वळते. पण घाई केली तर मोडते. आज दोन मोडल्या, तिसरी बसली. ती बसली तेव्हा मी आणि गुणवंतीबाई, दोघेही श्वास धरून होतो. मग एकदमच सोडला.

१८ जानेवारी

गुराबीला पोट आलं. भेगांत कापूस ठासून वरून चंद्रुसाचं रोगण लावलं. आत पाणी भरून ठेवलं, एक थेंब बाहेर आला नाही.

तोफांसाठी बंद पडलेल्या स्टोव्हची पितळी नळी कापली. पुढच्या दोन तोफा बसवताना गुणवंतीबाईंनी विचारलं, "मागं बघणारी एकबी नाय? पळताना काय करायचे?"

"गुराब पाठलाग करणारी. नाळ शत्रूवर धरायची आणि पुढून मारा करायचा."

"आणि वारा पडला तर?"

"मग लहान गलबतं असत, वल्ह्यांची. ती दोर लावून गुराबीला ओढत नेत."

"म्हणजे एवढ्या मोठ्या जहाजालाबी कधी कुणाचा तरी हात लागायचाच."

"वारा पडला तर लागायचा," मी म्हटलं.

 मी वर बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. तोफ वाकडी बसली असेल म्हणून मी ती पुन्हा काढून लावली.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहायला मला नीट शब्द येत नाहीत, पण लिहितो.

शिडं आली. मऊ मांजरपाट, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलेला, पूर्वीच्या शिडांचा असायचा तसाच रंग. पुढच्या दोन डोलकाठ्यांना चौकोनी, मागच्याला तिरकं. कडेला दोरी शिवलेली, आणि टाके इतके बारीक की चष्मा लावून शोधावे लागले. आम्ही दोघांनी ती चढवली. शेवटची गाठ मारून मागे सरकलो आणि तेवढ्यात अंगणातून वाऱ्याची झुळूक आली. सगळी शिडं एकदम फुगली. जमिनीवर लाकडी घोडीत बसवलेली गुराब, पण हलली. मी आपोआप सुकाणूकडे हात नेला.

गुणवंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "बापूस गेल्यापासून पयल्यांदा शीड शिवलं मी."

तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "एकदा पाण्यात घालूया तिला. काचेत कोंडायच्या आधी." मी म्हटलं, छे. बुडाली तर चार महिन्यांची मेहनत पाण्यात. त्या म्हणाल्या, जहाज पाण्यात नाय जायचं तर कुठं जायचं. मी म्हटलं, हे जहाज नाही, नमुना आहे. त्या म्हणाल्या, "तुमीबी काचेतच बसा मग." आणि उन्हाची छत्री विसरून गेल्या.

२२ फेब्रुवारी

गुणवंतीबाई आल्या नाहीत. शिडं पूर्ण झाली, आता येण्याचं कारण उरलं नाही. बरोबरच आहे.

घावन करून बघितलं. तव्याला चिकटलं.

१ मार्च

आजही नाही. छत्री द्यायला जावं का, याचा विचार करत होतो तेवढ्यात धाकूच आला. ओसरीवर न बसता अंगणातच उभा राहिला.

"सारंग, माझी भैन आता यायची नाय."

"माझं चुकलं धाकू. पाण्यात घालू नको म्हटलं मी..."

"पाण्याचं नाय. लोक बोलतात."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "नाळ जरा लांब झालीय, मला माहीत आहे. पण जुन्या चित्रात तशीच आहे. लोकांना काय कळतं?"

धाकूने फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "नाळेचं नाय बोलत, सारंग. तुमचं नि तिचं बोलतात. दर रविवारी जाते, दिवेलागणीला येते. बाजारात मला विचारतात. मी काय सांगू? तुमी माझं सारंग, तुमाला काय बोलायचं नि तिलाबी काय बोलायचं."

छत्री त्याच्याकडे दिली. तो गेल्यावर मी गुराबीला रंगाचा शेवटचा हात द्यायला बसलो. अर्धा तास कोरडाच ब्रश फिरवत होतो, असं नंतर लक्षात आलं.

कामं तीनच राहिली. नांगर, सुकाणूचं लोखंड, निशाण. कशातच मन लागत नाही. रंगाचा वास डोक्यात जात असावा.

१५ मार्च

शिमगा. तुळसा आली. पोळ्या केल्या, अंगण सारवलं, मग गुराबीजवळ बसली. तिने तिरक्या शिडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही शिवणारी बाई येत नाय वाटतं हल्ली."

"तुला कुणी सांगितलं?"

"इथं दोन पाट मांडलेत. एकावर धूळ हाय."

मी पाट उचलायला गेलो. तिने थांबवलं.

"बाबा, आधी तुमच्या पत्रात काय असायचं? जेवलो, आणि वारा कुठला. या थंडीत नुसतं गुणवंतीबाई म्हणाल्या, गुणवंतीबाईंनी आणलं, गुणवंतीबाई हसल्या. जेवलात की नाय ते लिहायचंच सोडलंत तुमी."

"शिडांचं काम चाललं होतं."

"झाली ना शिडं?"

"झाली."

"मग आता बरं वाटतंय?"

मी पाटावरची धूळ पुसायला लागलो. तुळसाने मान फिरवली. मला वाटलं रागावली. तिची आई समोर भिंतीवर फोटोत होती, मी तिकडेही बघितलं नाही.

"मला आईची आठवण येते," ती म्हणाली. "ती येतच राहणार. तुमी एकटं राहिलात म्हणून ती काय कमी व्हायची नाय." आणि उठून पोळ्यांचा डबा भरायला गेली.

१७ मार्च

आज वारा बघितला नाही.

१८ मार्च

म्हणजे दोरी विसरत नव्हत्या.

१९ मार्च

भीती वाटते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला या वयात बाजारातून चालताना मान खाली घालावी लागली तर? त्यांना लागली तर? धाकूने इतकी वर्षं माझ्या शब्दावर लाटेत उडी टाकली, त्याच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि त्या नाही म्हणाल्या तर रत्नागिरीत तोंड लपवायला जागा नाही. गाव लांबुळका आहे, कुठूनही कुठलंही दिसतं.

तुळसा आज वेळणेश्वरला परत गेली. एसटीत चढताना एवढंच म्हणाली, "निळा सदरा घाला. पांढरा घालू नका, रंगाचे डाग हायत."

२२ मार्च

निळा सदरा घालून पेठकिल्ल्यात गेलो. धाकू जाळं विणत होता. गुणवंतीबाई मशीनवर होत्या. मी वाटेत वाक्यं तयार केली होती, ती दारातच गेली.

"धाकू, लोक बोलतात ते तू सांगितलंस. ते खोटं होतं. म्हणजे मला माहीतच नव्हतं. आता ते खरं आहे. तुला नि बाईंना चालत असेल तर रीतसर करू. नसेल तर मी पुन्हा या पायरीवर येणार नाही, आणि तू मला सारंग म्हणायचं सोडू नकोस, एवढंच."

धाकूच्या हातातली सुई तशीच राहिली. त्याची बायको आतून येऊन दाराआड उभी राहिली. मशीन मात्र चालू.

"सारंग," गुणवंतीबाई खाली बघूनच म्हणाल्या, "गुराब पाण्यात कधी घालताव?"

"मी दुसरं विचारायला..."

"तां ऐकलं मी. मी काय विचारलं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"पाडव्याला घाला," त्या म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

मी निघालो. धाकू फाटकापर्यंत आला आणि जाळं विणायला परत गेला. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही, ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

३० मार्च

पाडवा. मतलई वारा, चांगला जोराचा. भरती लागलेली.

गुढी उभारून सकाळीच गुराब हातगाडीवरून राजिवड्याच्या बाजूला नेली, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी. मला वाटलं होतं चार माणसं असू. शंभर तरी जमली होती. लोक बोलतात म्हणजे काय ते मला त्या वेळी नीट कळलं. पण एकदा गुराब गाडीवरून उतरली आणि सगळे तिच्याबद्दलच बोलायला लागले. भागोजी मास्तर धोतर सावरत पाण्याच्या कडेला उभे होते, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. गुणवंतीबाई धाकूबरोबर आल्या. नवं लुगडं होतं.

गुराबीच्या तळाला जाळ्याची शिशाची वजनं रचली होती. पाण्यात ठेवली तशी ती डावीकडे कलली, आणखी कलली, कुणीतरी "गेली" म्हणालं. मी आत हात घालून दोन वजनं सरकवली. ती सावरली आणि सरळ उभी राहिली. नाळेखालून पाणी लहान लहान लाटांत फुटायला लागलं.

मी मागे लांब दोरी बांधून ठेवली होती. वारा आला, शिडं फुगली, दोरी ताठ झाली, आणि गुराब जागच्या जागी मान हलवत राहिली. दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.

गुणवंतीबाई गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर.

"सोडा," म्हणाल्या.

मी सोडली.

असं काही मी इतक्या वर्षांच्या नोकरीत बघितलेलं नाही. भरतीचं पाणी आत येत होतं आणि ही त्याला कापत बाहेर निघाली. तांबूस शिडं उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. नाळ वर, खाली, वर, खाली. पितळी तोफा चमकत होत्या.  काठावर सगळे नुसते बघत होते. मीही बघत होतो. ती खाडीचं तोंड ओलांडून सरळ समुद्राकडे चालली आहे, हे सारंग असून माझ्या ध्यानात आलं नाही.

"दत्ताराम," भागोजी मास्तर मला म्हणाले, "एक मेला मी टेबलावर काय ठेवू?"

मग पळापळ झाली. धाकूने होडी ढकलली, मी चढलो, आणि गुणवंतीबाई लुगडं खोचून मध्ये येऊन बसल्या. त्यांना उतरा म्हणायला वेळ नव्हता, आणि म्हटलं असतं तरी उतरल्या नसत्या. धाकू वल्ही मारत होता, दुसरी जोडी माझ्या हातात. आणि धाकू मला हुकूम सोडत होता. "सारंग, डावं दाबा. अजून. तुमी वय झाल्यासारखं काय मारताव?" इतकी वर्षं मी त्याला जे ऐकवलं ते सगळं त्याने एका सकाळी परत केलं. गुणवंतीबाई हसत होत्या, तशाच, मोठ्याने. मलाही हसू आलं आणि वल्हं पाण्याबाहेरच फिरलं.

आम्ही तिला गाठलं. हात पुढे केला असता तर धरता आली असती. कुणीच केला नाही. होडी तिच्या बाजूने चालत राहिली आणि ती आमच्या शेजारून, आपल्याच तालात.

"जरा जाऊंदे," धाकू म्हणाला.

थोडी जाऊ दिली. मग गुणवंतीबाईंनीच वाकून तिला दोन्ही हातांनी उचलली आणि मांडीवर घेतली. शिडांतलं पाणी त्यांच्या नव्या लुगड्यावर निथळत होतं.

 परत येताना किनारा जवळ आला तेव्हा धाकू म्हणाला, "सारंग, भैन माझी फटकळ हाय. मागनं म्हणाल, सांगितलं नाय."

"मी अजून काय बोललेय?" गुणवंतीबाई म्हणाल्या.

काठावर लोक टाळ्या वाजवत होते.

१२ एप्रिल

गुणवंतीबाई रविवारी पुन्हा येतात. धाकू स्वतः सोडतो आणि चहा पिऊन जातो. एका शिडाची शिवण उसवली होती, ती त्यांनी घातली. खाऱ्या पाण्याने शिडांवर पांढरट डाग पडलेत. मी धुऊन टाकूया म्हटलं, तर म्हणाल्या राहूंदेत, कमावलेत तिनं.

उत्तर अजून दिलेलं नाही. मीही विचारत नाही. आम्ही दोघे नांगराची दोरी वळत बसतो. आज दोरी वळून झाली होती तरी वळत होतो.

१ मे

महाराष्ट्र दिन. गुराब वाचनालयात पोचली.

झेंडावंदनानंतर लोक रांगेने बघायला आले. पुण्याचे पाहुणे मास्तरांच्या बोलावण्यावरून मुद्दाम आले होते. वाकून, चष्मा वर करून, किती तरी वेळ बघत राहिले. मग माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मला आता डोळे मिटले तरी दिसेल." चांगला माणूस आहे. त्या दिवशी उगीच तावातावाने उठलो. पण उठलो नसतो तर?

त्यांनी शिडांवरचे डाग बघून विचारलं, हा जुनेपणा कसा आणलात. धाकू म्हणाला, "समुद्रात जाऊन आलीय ती." पाहुण्यांना ती गंमत वाटली. आम्ही खुलासा केला नाही.

पेटीवर लावायचं कार्ड मास्तरांनी सगळ्यांसमोर लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. "गुराब" लिहिलं. खाली "बांधणी" म्हणून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग "शिडं" लिहून टाक थांबवला आणि चष्म्यावरून बघितलं.

"बाई, पूर्ण नाव सांगा."

गुणवंतीबाई पेटीजवळ उभ्या होत्या. तुळसा त्यांच्या शेजारी होती, सकाळीच वेळणेश्वरहून आली होती. गुणवंतीबाईंनी गुराबीकडे बघितलं, मग धाकूकडे.

"आज नुसतं गुणवंती लिवा मास्तर," त्या म्हणाल्या. "पुढं जागा सोडा. पाऊस लागायच्या आधी भरू."

मास्तरांचा टाक हवेतच राहिला. धाकू एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. तुळसाने पदर तोंडाशी नेला.

मी विचारलं, "का, पुढं कुठं रंग भरायचा राहिलाय का?"

वाचनालयात शांतता राखावी अशी पाटी आहे, तिच्याखालीच सगळे हसले. गुणवंतीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मला कळेपर्यंत. कळलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलो.

मास्तरांनी टाक शाईत बुडवून "गुणवंती" लिहिलं आणि पुढे चांगली चार बोटं कोरी जागा सोडली. कार्ड वाळल्यावर पेटीला लावलं. कार्यक्रम संपून सगळे चहाला बाहेर गेले तेव्हा मी आत जाऊन ती जागा एकदा बघून आलो. मग चहा झाल्यावर पुन्हा एकदा.